‘कोलाप्सो’ची रेसिपी जाऊबाईंना द्यायची कशी?

प्रश्न : ताई, नमस्कार. वर्षअखेरच्या सुट्टीत या वेळी सगळ्यांना मीच आमच्याकडे जेवायला बोलावलं. लहानमोठी मिळून १४ माणसं. एरवी माझा स्वयंपाक बरा असतो, निदान आजवर कुणी ताट सोडून उठलेलं नाही. पण या खेपेस काहीतरी वेगळं करायची हुक्की आली आणि मी नऊ पदार्थ ठरवले. त्यातले सहा आयुष्यात पहिल्यांदाच करणार होते.

थोडक्यात सांगते. दीड-दीड किलोच्या दोन अख्ख्या कोंबड्या सकाळी अकराला फ्रीजरमधून काढून खाली फ्रीजमध्ये ठेवल्या. संध्याकाळी पाचला बघते तर वरून मऊ आणि पोटात बर्फाचा गोळा. शेवटी ह्यांनी माझा हेअर ड्रायर आणला. धाकट्यानं विचारलं, “आई, कोंबडीला थंडी वाजतेय का?” सूपमध्ये मी मीठ घातलं, मग सासूबाईंनी घातलं, आणि जाता जाता ह्यांनीही. बटाटे हातानं कुस्करायला वेळ नव्हता म्हणून मिक्सरमधून काढले. सासऱ्यांनी त्यात चमचा उभा केला, तो जेवण संपेपर्यंत उभाच होता. ताज्या अननसाची जेली आदल्या रात्री लावली होती, ती सकाळी नुसतं पाणी. क्रीम फेटता फेटता रवाळ झालं. आणि केक! रेसिपीत ३५० अंश लिहिलं होतं. आमच्या ओव्हनचं बटण २५० पर्यंतच फिरतं. म्हटलं, जरा कमी पडेल, पण चालवून घेऊ, आणि पूर्ण फिरवलं. वरून कोळसा, मधोमध खड्डा, खड्ड्यात कच्चं पीठ.

साडेआठचं जेवण पावणेअकराला वाढलं. तोवर मुलं बिस्किटं खाऊन झोपली होती. गोड म्हणून काहीच उरलं नव्हतं. मग मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं, केकचा जळका भाग सुरीनं उडवला, कच्चा भाग फेकला, उरलेल्याचे तुकडे ग्लासांत घातले, वर ती न लागलेली जेली ओतली, रवाळ क्रीममध्ये थोडं पातळ क्रीम ढवळून ते वर घातलं आणि नेऊन ठेवलं. ताई, ग्लास पुसून खाल्ले हो लोकांनी! थोरल्या जाऊबाईंनी विचारलं, “हे काय गं?” माझ्या डोक्यात ‘केक कोसळला’ एवढंच घोळत होतं. तोंडातून निघालं, “कोलाप्सो.” “इटालियन का?” “हो.” “तो किंचित कडवटपणा कॉफीचा ना?” “हो.”

आता त्यांना लेकीच्या वाढदिवसाला ३० माणसांसाठी कोलाप्सो करायचं आहे आणि रेसिपी लेखी हवी आहे. चार वेळा विचारून झालं. मी खरं सांगू की काहीतरी लिहून देऊ? आणि पुढच्या वर्षी सरळ बाहेरून मागवू का?

— फसलेली सुगरण

उत्तर : प्रिय सुगरणबाई,

तुमचं पत्र मी ओट्याशी उभ्यानं वाचलं आणि हसताना गॅसवरचं दूध उतू गेलं. त्यामुळे आज आपण दोघी एकाच पंगतीत आहोत असं समजा.

सल्ला द्यायच्या आधी माझी एक गोष्ट सांगते, म्हणजे मी कुठल्या अधिकारानं बोलते आहे ते तुम्हाला कळेल. लग्नानंतर पहिल्यांदाच घरी मोठं जेवण होतं. सूपसाठी मी हाडं, कांदे, गाजर, मिरे घालून मोठं पातेलं पाच तास मंद आचेवर ठेवलं होतं. घरभर असा वास सुटला होता की शेजारी दोनदा काहीतरी निमित्त काढून येऊन गेले. गाळायची वेळ आली. मी मोठी चाळणी सिंकमध्ये ठेवली, दोन्ही हातांत फडकी घेऊन पातेलं उचललं आणि भात वेळावा तसं ओतलं. पाच तासांचं सोनं गुळगुळ आवाज करत मोरीत गेलं आणि चाळणीत माझ्यासमोर उरली ती पांढरी पडलेली हाडं आणि एक गाजर. चाळणीखाली भांडं ठेवायचं राहिलं होतं. त्या गाजराकडे मी किती वेळ बघत होते, सांगता येत नाही. मग पाणी उकळलं, त्यात काय सापडेल ते घातलं आणि ‘हलकं सूप’ म्हणून वाढलं. घरात अजूनही कुणी पातळ चहा केला की ‘हलका चहा’ म्हणतात.

तर आता तुमच्याकडे वळू. पत्रात तुम्ही स्वतःला तीनदा ‘वेंधळी’ म्हटलं आहे. (तो मजकूर मी वर छापलेला नाही.) ते मला पटत नाही. यात वेंधळेपणा म्हणावा असं फार थोडं आहे. बरंचसं ठाऊक नसल्यामुळे झालं आणि उरलेलं गणितामुळे. दोन्हींवर इलाज आहे.

पहिला मान केकचा. ३५० होते ते फॅरनहाइट. त्यातून ३२ वजा करा, ५ नं गुणा, ९ नं भागा : उत्तर येतं साधारण १७७. म्हणजे तुम्हाला बटण १७५ ते १८० च्या मध्ये ठेवायचं होतं. तुम्ही २५० वर नेलंत, म्हणजे ७० अंश जास्त, आणि मनात मात्र कमी पडल्याची चुटपुट! एवढ्या आचेत केकची वरची साल आधी घट्ट होते. आतलं पीठ अजून फुगायचं असतं, त्याला वर जायला वाटच राहत नाही. वरून करपतं, मधे कच्चं राहतं, आणि बाहेर काढल्यावर आतली वाफ निवली की त्या कच्च्या भागाला स्वतःचा भार पेलत नाही. तोच तुमचा खड्डा. तेव्हा रेसिपी हातात आली की साहित्य वाचायच्या आधी ती कुठली आहे ते बघायचं. आकड्यापुढे फक्त गोल टिंब असेल आणि आकडा ३०० च्या वर असेल तर तो जवळपास नक्की फॅरनहाइट. हवा फिरवणारा पंखा चालू असेल तर लिहिलेल्या सेल्सिअसमधूनही २० कमी करायचे. मापांचंही तसंच आहे. बहुतेक ठिकाणी मोठा चमचा १५ मिलिलिटरचा असतो, पण ऑस्ट्रेलियातला २० चा. तिथल्या रेसिपीतले तीन चमचे म्हणजे आपले चार. म्हणून केक, पाव अशा वस्तूंसाठी मी वजनाचा काटा वापरते. ग्रॅम सगळीकडे एकच असतो.

आणखी एक, तुमच्या बाजूनं. मधलं कच्चं पीठ तुम्ही फेकलंत ते फार बरं केलंत. घाईत पुष्कळजण तेही ‘ओलसर केक’ म्हणून खपवतात. कच्च्या अंड्याइतकंच कच्चं पीठही पोटाला वाईट असतं, त्यातही जंतू असू शकतात.

आता कोंबडी. इथे मी जरा हसू आवरून बोलणार आहे, कारण बाकी सगळं फसलं तर फजिती होते, हे फसलं तर माणसं आजारी पडतात. फ्रीजमध्ये दोन-सव्वादोन किलोचं गोठलेलं मांस सुटायला साधारण २४ तास लागतात. दीड किलोच्या कोंबडीला सहा तास कसे पुरणार? आदल्या दिवशी दुपारीच काढायला हवी होती, आणि पोटातली, काळीज वगैरे भरलेली पिशवी अडकून बसते हे धरून मी तर त्याही आधी काढते. विसरलात तर घट्ट बांधलेल्या पिशवीसकट थंड पाण्यात पूर्ण बुडवायची आणि दर अर्ध्या तासानं पाणी बदलायचं. दीड किलोला दोन ते तीन तास. थंड पाणीच हवं, कोमट नाही. बाहेरची त्वचा ४ ते ६० अंशांच्या मध्ये जितका वेळ राहील तितके जंतू वाढतात, आणि आत मात्र बर्फ तसाच. हेअर ड्रायर नेमकं हेच करतो. म्हणून, मोठ्या प्रेमानं केलेलं असलं तरी, ते पुन्हा करू नये असं ह्यांना सांगा.

तुम्हाला त्या क्षणी कुणी सांगायला हवं होतं ते असं : कोंबडी अर्धवट गोठलेली असतानाच सरळ ओव्हनमध्ये घातली तरी चालते. वेळ मात्र दीडपट लागतो. नेहमी दीड तासात होणारी सव्वादोन तास घेईल. मधे आतली पिशवी सैल झाली की चिमट्यानं काढून घ्यायची. आणि झाली की नाही हे रंगावर किंवा ‘मला वाटतं’वर ठरवायचं नाही. टोकदार थर्मामीटर मांडीच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न लागता खुपसायचा. ७४ अंश दिसले की झाली. स्वयंपाकघरात नवं काहीही घेणार असाल तर आधी हे घ्या. मी वीस वर्षं अंदाजपंचे कोंबडी भाजली. बहुतेक वेळा ती सुकून लाकूड व्हायची, कारण कच्ची राहण्याच्या भीतीनं मी ती आणखी पाऊण तास ठेवायची.

बटाट्यांबद्दल वाईट बातमी आहे. त्यांना परतीचा रस्ता नाही. उकडलेल्या बटाट्याच्या पेशींत स्टार्च फुगून बसलेला असतो. हातानं कुस्करलं की बहुतेक पेशी शाबूत राहतात आणि लगदा हलका होतो. मिक्सरचं पातं त्या सगळ्या फोडतं, स्टार्च बाहेर येतो आणि तुमच्या पातेल्यात तयार होते खळ. पोस्टर चिकटवायची खळ आणि तुमची साइड डिश यांत फरक फक्त लोण्याचा. आता लोणी घाला, दूध घाला, ती आणखी चिकट खळ होते. त्यापेक्षा पसरट भांड्यात पातळ थर द्या, वर चीज किसा आणि लाल होईपर्यंत भाजा. कुरकुरीत कडा खाताना चिकटपणाकडे कुणी बघत नाही. किंवा पातळ करून सूप करा, म्हणजे तुमच्या खारट सूपचीही सोय झाली असती. सूपमध्ये कच्चा बटाटा टाकला की तो मीठ शोषून घेतो, ही एक लाडकी समजूत आहे. बटाटा पाणी शोषतो आणि त्याबरोबर त्यातलं मीठही, पण उरलेलं सूप तितकंच खारट राहतं. खारटपणावर उपाय एकच : बिनमिठाचं काहीतरी घालून वाढवणं. तुमचं त्या रात्रीचं दुर्दैव असं की दोन बिघडलेली पातेली शेजारी-शेजारी उभी होती आणि एकमेकांना वाचवू शकली असती.

(तीन माणसांनी मीठ घालणं हा मात्र स्वयंपाकाचा नव्हे, घराचा प्रश्न आहे. त्यासाठी मी मिठाची बरणी पदरात बांधायच्या विचारात आहे.)

जेलीचं म्हणाल तर त्यात तुमचा काहीच दोष नाही. ताज्या अननसात एक पाचक द्रव्य असतं, ब्रोमेलेन नावाचं. ते प्रथिनं तोडतं, आणि जिलेटिन म्हणजे प्रथिनच. रात्रभर तुम्ही झोपला होतात तेव्हा अननस तुमच्या जेलीचे धागे कापत बसला होता. पपई आणि किवीही तेच करतात. अननस पाच मिनिटं उकळून घेतला असता तर ते द्रव्य निकामी झालं असतं. डब्यातला अननस म्हणूनच चालतो, तो आधीच तापवलेला असतो. नाहीतर जिलेटिनऐवजी अगर-अगर वापरायचं. ते समुद्री शेवाळाचं असतं, त्यात तोडायला प्रथिनच नसतं.

क्रीमला तर मी दाद देते. रवाळ झालेलं क्रीम म्हणजे लोणी व्हायच्या उंबरठ्यावर आलेलं क्रीम. त्यात थोडं न फेटलेलं क्रीम घालून हलक्या हातानं ढवळलं की ते पुष्कळदा परत येतं. हे तुम्हाला ठाऊक होतं की नशिबानं सुचलं, पत्रावरून कळत नाही. मला वाटतं, सुचलं. आणि ज्या बाईला पावणेअकरा वाजता, बाहेर १४ माणसं ताटकळत असताना हे सुचतं, तिनं स्वतःला वेंधळी म्हणू नये.

मग घोडं पेंड कुठं खातं? गणितात. तुमची यादी मी दोनदा वाचली. नऊ पदार्थ. त्यांतले पाच ओव्हनमधले आणि ओव्हन एक. पाचांनाही संध्याकाळी सहा ते आठच्या मध्ये तो हवा होता, आणि प्रत्येकाला वेगळ्या आचेवर. सहा पदार्थ नवीन, म्हणजे सहा ठिकाणी थांबून रेसिपी वाचणं आलं. एक ना धड, भाराभर चिंध्या. जगातल्या कुठल्याही आचाऱ्याला ही यादी आणि तुमचा ओव्हन दिला असता तरी जेवण साडेआठला झालं नसतं. मोठ्या हॉटेलांत साडेसातला धावपळ दिसते, पण खरं काम सकाळी आणि आदल्या दिवशी झालेलं असतं. आपण मात्र घरी त्यांचा मेनू घेतो आणि वेळापत्रक आपलं, रोजच्या भाजी-आमटीचं ठेवतो.

मी काय करते ते सांगते. पाहुणे ठरले की एका कागदावर सगळ्यात खाली जेवायची वेळ लिहिते आणि तिथून वर चढत जाते. साडेआठला बसायचं. कोंबडी बाहेर काढल्यावर वीस मिनिटं तशीच झाकून ठेवायची, म्हणजे कापताना रस वाहून जात नाही. म्हणजे आठ-दहाला ती बाहेर हवी. दोन कोंबड्या एका ओव्हनमध्ये म्हणजे पावणेदोन तास धरू. सव्वासहा-साडेसहाला आत. ओव्हन तापायला वीस मिनिटं. सहाला बटण चालू. म्हणजे साडेसहा ते आठ ओव्हन कोंबड्यांच्या मालकीचा, आणि त्या वेळात दुसऱ्या कुणाला तो लागत असेल तर ते नाव यादीतून खोडायचं किंवा आदल्या दिवशी उरकायचं. केक आदल्या दिवशी. साधा स्पंज एका दिवसानं बिघडत नाही, उलट कापायला सोपा जातो. सूपही आदल्या दिवशी, फक्त मोठं पातेलं गरमच्या गरम फ्रीजमध्ये ढकलायचं नाही आणि रात्रभर ओट्यावरही ठेवायचं नाही. पसरट भांड्यांत वाटून लवकर निववायचं, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी खळखळून उकळी आणायची. कोंबड्या बाहेर आल्यावरच्या वीस मिनिटांत पाव गरम होतात. हा कागद मी फ्रीजवर लावते. त्यावर एक ओळ कायम असते : ‘७.४५ – कपडे बदलणे.’ ती लिहिली नाही तर दार उघडताना मी ॲप्रनमध्ये असते.

आणि नवीन पदार्थ एकच. तोही आधी एखाद्या मंगळवारी, घरच्यांवर करून बघितलेला. घरच्यांना तक्रारीचा हक्क असतो, पाहुण्यांना नसतो, म्हणून नवा पदार्थ घरच्यांवरच करावा.

पुढच्या वर्षी बाहेरून मागवू का, असं तुम्ही विचारलंत. मागवण्यात कमीपणा काही नाही. कोंबडी घरी आणि बाकीचं बाहेरून असंही चालतं. पण पत्राच्या शेवटच्या पानावर, रडगाणं संपल्यावर, तुम्ही कोपऱ्यात लिहून खोडलेलं मी वाचलं आहे : ‘बदक कसं लागेल?’ तेव्हा हा प्रश्न तुम्ही मला विचारलात खरा, पण उत्तर तुमच्याकडे आहे. (बदक नको. निदान पुढच्या वर्षी नको. त्यातून चरबी इतकी सुटते की ट्रे उथळ असेल तर ओव्हनमध्येच धूर होतो.)

आता जाऊबाई.

जेवताना तुम्ही गप्प राहिलात ते योग्यच केलंत. प्रत्येक वाटीबरोबर ‘हे जरा बिघडलंय हं, ते जमलं नाही हं’ असं सांगणारी यजमानीण पाहुण्यांना नकोशी होते. मग ते बिचारे प्रत्येक घासाला ‘नाही हो, छान झालंय’ म्हणत बसतात आणि त्यांचं जेवण निवतं. ताट समोर असताना झाकली मूठ सव्वा लाखाची. पण रेसिपी मागितली की मूठ उघडावी लागते, कारण आता त्या ३० माणसांसमोर उभ्या राहणार आहेत. तुम्ही काहीबाही लिहून दिलंत आणि त्यांचा पदार्थ फसला, तर तुमच्या एका खड्ड्याचे तीस होतील आणि तेही दुसऱ्याच्या घरी.

शिवाय ही गोष्ट बाहेर येणारच आहे. धाकटा त्या रात्री स्वयंपाकघरात होता की नव्हता? मग झालं. आणि अशा गोष्टी दुसऱ्यांच्या तोंडून बाहेर आल्या की वाढतात. अमेरिकेत टीव्हीवर स्वयंपाक शिकवणाऱ्या ज्युलिया चाइल्ड १९६० च्या दशकात एकदा तव्यातला बटाट्याचा केक हवेत उडवून परतायला गेल्या आणि त्यातला थोडा शेगडीवर सांडला. त्यांनी तो गोळा करून परत तव्यात घातला आणि स्वयंपाकघरात तुम्ही एकट्याच असता, बघतंय कोण, अशा अर्थाचं काहीतरी कॅमेऱ्यासमोर सांगून टाकलं. एवढंच. पण लोक पुढे शपथेवर सांगू लागले की त्यांनी अख्खी कोंबडी जमिनीवर पाडून, उचलून परत ताटात ठेवली होती आणि ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं! बटाट्याची कोंबडी झाली, शेगडीची जमीन झाली. तुमच्या कोलाप्सोचंही तेच होईल. पाच वर्षांनी कुणीतरी सांगेल की तुम्ही केक कचऱ्याच्या डब्यातून काढला होता. त्याआधी स्वतःच्या तोंडानं सांगून मोकळ्या व्हा. गोष्टीचा पहिला मसुदा तुमचा असला पाहिजे.

फोनवर सांगू नका, प्रत्यक्ष जा. दोघीच असताना, चहा होऊ द्या आणि मग सांगा. सुरुवात हेअर ड्रायरपासून करा. तिथून केकपर्यंत येईस्तोवर त्या तुमच्या बाजूच्या झालेल्या असतील. थोरल्या जावेच्या स्वयंपाकघरात काहीच कधी कोसळलं नसेल असं होत नाही. तुम्ही तुमचं सांगितलंत की त्या त्यांचं सांगतील, आणि ते ऐकण्यासारखं असेल असा माझा होरा आहे. इटालियनचं मात्र आधी कबूल करा, कॉफीचं नंतर. मोठी थाप आधी गेली की लहान आपोआप जाते.

आणि जाताना हा कागद घेऊन जा. मी दोनदा करून बघितलं. पदार्थ खरोखर चांगला आहे, आणि तो मुद्दाम बिघडवायची गरज नाही.

कोलाप्सो, साधारण १० ग्लास. (३० माणसांसाठी हेच तीनदा करायचं, तीन टिनांत. एकाच मोठ्या टिनात करायचा मोह झाला तर लक्षात ठेवा की २० सेंटिमीटरच्या टिनाचं दुप्पट म्हणजे ४० सेंटिमीटर नव्हे. त्यात चौपट मावतं. दुपटीला २८ चा टिन लागतो.)

चार अंडी फोडून वजन करा, साधारण २०० ग्रॅम भरतील. तेवढंच लोणी, तेवढीच साखर, तेवढाच मैदा, दोन लहान चमचे बेकिंग पावडर. लोणी-साखर फेसून, अंडी एकेक करून, शेवटी मैदा. २० सेंटिमीटरच्या टिनात, १७५ अंश सेल्सिअसवर. सेल्सिअस हा शब्द जाऊबाईंसाठी दोनदा अधोरेखित करा. पाऊण तासानं सुई खुपसून बघा, कोरडी निघाली की झाला. त्याआधी अर्धा तास तरी दार उघडायचं नाही.

केक निवला की हातानं तोडा. सुरीनं कापू नका, कडा सरळ येतात आणि सगळं फार शहाणं दिसतं. तुकडे ट्रेमध्ये पसरून १६० वर दहा-बारा मिनिटं, कडा तांबूस होईपर्यंत. जाऊबाईंना आवडलेला कडवटपणा इथे येतो, कोळशाशिवाय.

ताज्या अननसाचे बारीक तुकडे साखर घालून दहा मिनिटं शिजवा आणि पातळसरच राहू द्या. जेलीच्या नादाला लागू नका. संत्र्याच्या वाटीभर रसात दोन चमचे कडक काळी कॉफी मिसळा आणि केकच्या तुकड्यांवर शिंपडा, म्हणजे कॉफीबद्दल तुम्ही जे बोललात ते इथून पुढे तरी खरं होईल.

क्रीम थंड, भांडंही थंड. फेटणीची खूण क्रीमवर उमटून राहायला लागली की थांबा. आणखी दहा सेकंद फेटावंसं वाटेल, तेव्हा हात मागे घ्या.

ग्लासात केक, अननस, क्रीम, परत तेच. वाढण्याआधी तासभर फ्रीजमध्ये.

तुमची,
ताई

ता. क. : तो हेअर ड्रायर सध्या कोण वापरतंय, ते तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही.